फक्त छत

काही माणसांना समोरच्याच्या मनातलं न सांगता कळतं. विज्ञानाला हे मान्य नसेल, पण आमच्या गल्लीला होतं. आमची आत्या अशा माणसांपैकी एक. तिच्या या शक्तीचा उगम तिच्या पलंगाखालच्या दोन फळ्यांमधल्या बोटभर फटीत होता.

आमचं घर दोन मजली आहे, असं आम्ही सांगतो. म्हणजे खाली घर, आणि वर, उतरत्या पत्र्याखाली, आत्याची खोली. मधली जमीन लाकडी. आत्याच्या पलंगाच्या बरोबर खाली आमच्या स्वयंपाकघरातलं जेवायचं टेबल. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिथे लोकांचं बोलणं ऐकायला सक्त मनाई होती आणि तिने तो नियम शेवटच्या दिवसापर्यंत पाळला, असं ती सांगते. तिच्याइतकी शहराची खडान्‌खडा माहिती असलेली बाई मी दुसरी पाहिली नाही, ही गोष्ट वेगळी.

निवृत्त झाल्यावर तिचा सल्ला विचारायला गल्लीतल्या बायका येऊ लागल्या. पुरुषही यायचे, पण बल्ब उसना मागायचं निमित्त काढून. पद्धत ठरलेली. आलेल्या बाईला माझी बायको टेबलाशी बसवायची, चहाचं आधण ठेवायची आणि म्हणायची, "येतीलच आत्याबाई. गुडघे धरलेत, जिना उतरायला वेळ लागतो." जिना अकरा पायऱ्यांचा, थेट स्वयंपाकघरात उतरणारा. आत्याला तो उतरायला वीस मिनिटं लागत. तेवढ्या वेळात ती बाई बायकोपाशी सगळं बोलून मोकळी व्हायची. मग आत्या एकेक पायरी मोजत खाली यायची, खुर्चीत टेकायची आणि त्या बाईच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहायची.

"जाऊ काहीतरी बोलली ना?"

बाईच्या हातातला कप हलायचा.

"कपाटावरून?"

बाई रडायला लागायची. यापुढे आत्याने काय सल्ला दिला याला फारसं महत्त्व नसायचं.

मला हे गुपित मी आठवीत असताना कळलं. कांजिण्या आल्या म्हणून मला वर तिच्या खोलीत ठेवलं होतं. तीन आठवडे पलंगावर पडल्या पडल्या मला समजलं की मला गणिताची शिकवणी लागणार आहे, काकाचं दुकान चालत नाही, आणि आई 'तुमच्यावरच गेलाय' म्हणते तेव्हा ते कौतुक नसतं. आत्याच्या हे लक्षात आलं. ती म्हणाली, "ऐकलंस ते पोटात ठेव. आणि पलंगाच्या कडेला सरकून झोप, तिथे जास्त स्पष्ट येतं." त्या दिवसापासून आमच्या दोघांत एक करार झाला, आणि मी तो पाळला. बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

प्रश्न आला तो पत्र्यामुळे. उन्हाळ्यात आत्याच्या कपाटातली मेणबत्ती कमरेतून वाकायची. थंडीत आत्या स्वतः वाकायची. आत्याला चौऱ्याहत्तर पूर्ण झाली तेव्हा डॉक्टरांनी तिचं ब्लडप्रेशर मोजलं, पट्टा सोडला, पुन्हा बांधून मोजलं आणि मला बाजूला घेतलं. "त्या खोलीत यांचा आणखी एक उन्हाळा नको. खाली आणा."

खाली आणा म्हणजे माझ्या मुलीच्या खोलीत. मुलगी म्हणाली, "आजी माझ्या खोलीत? मस्तच की." ज्या सुरात म्हणाली, तो सूर आत्याने वरून ऐकला असावा, कारण संध्याकाळी ती मला म्हणाली, "मी खाली येणार नाही. तिच्यासाठी नाही म्हणत. खाली येऊन मी करू काय?"

मला कळलं. खाली आत्या म्हणजे गुडघे दुखणारी एक म्हातारी. वर आत्या म्हणजे आत्या.

तोडगा बायकोने काढला. ती शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे तापमानाची गोष्ट आली की तिला अधिकार आहे असं ती मानते. तिच्या शाळेतल्या एका बाईंनी घराच्या छताला आतून फवाऱ्याचा फोम मारून घेतला होता. तो मारणारा माणूस रविवारी आला. पन्नाशीचा, शांत, हातावर पांढरट ठिपके वाळलेले. खोली पाहिली, वासे मोजले आणि खिशातून पावाच्या तुकड्यासारखं काहीतरी काढून आत्याच्या हातात दिलं.

"दाबा, मावशी."

आत्याने दाबलं. दबलं. सोडल्यावर पुन्हा फुगलं.

"स्पंज आहे," आत्या म्हणाली.

"स्पंजच समजा. ओपन सेल म्हणतात. आत बारीक उघडी छिद्रं, त्यांत हवा. दोन पातळ रसायनं गरम पाइपातून येतात, बंदुकीच्या तोंडाशी एकत्र होतात. मारताना रंगासारखं पातळ दिसतं, डोळ्याची पापणी लवेपर्यंत फुगून वीतभर होतं. फटी बुजतात. ऊन बाहेर राहतं, खोलीतली वाफ कोंडत नाही, आणि आवाज तर शोषूनच घेतो."

"आवाज?" आत्या आणि बायको एकदम म्हणाल्या. एकच शब्द होता, पण त्याचे सूर दोन होते.

"हो ना. पत्र्यावर गारा पडल्या तरी झोपमोड व्हायची नाही."

"मग जमिनीतही मारा की," बायको म्हणाली. "फळ्यांखाली पोकळीच आहे."

"फळ्या उचलाव्या लागतील. होईल."

"जमिनीला कशाला?" आत्या म्हणाली. "जमिनीला काय ऊन लागतं?"

"तसं नाही, आत्याबाई. खालचा मिक्सर, टीव्ही, आमची बडबड. तुम्हाला किती त्रास होतो."

"मला कसलाच त्रास नाही."

"तुम्ही बोलून दाखवत नाही हो. तो तुमचा मोठेपणा."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. कराराची आठवण करून देणारी नजर होती. मी फोमचा तुकडा उचलला. "दाबला की परत फुगतो, हे फार छान आहे," असं म्हणालो. त्या चर्चेत माझा सहभाग एवढाच. खरं सांगायचं तर, माझीही एक जुनी इच्छा होती: आपल्याच घरात बसून एकदा आत्याबद्दल मोकळेपणाने बोलावं.

फवारणीच्या दिवशी चोवीस तास घराबाहेर राहायचं होतं. वास आणि वाफ चांगली नसते. आम्ही मेव्हण्याकडे जायला निघालो. सगळे दारात उभे असताना आत्या म्हणाली, "कपाटाला कुलूप राहिलं," आणि वर गेली. वर फोमवाला पांढरा झगा चढवत होता. दहा मिनिटं गेली. मग आत्या खाली आली ती अकरा पायऱ्या अकरा सेकंदांत. गुडघ्यांचं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. ती चांगलीच खुशीत दिसली, तेव्हा मला वाटलं, शेवटी तिने मनाची तयारी केली.

दुसऱ्या दिवशी आलो तर पत्रा नाहीसा झालेला. त्या जागी ढगाचा पोटाकडचा भाग असावा तसं पिवळसर, फुगीर काहीतरी वाशांमधून बाहेर आलेलं. फोमवाला लांब लवचीक करवतीने ते वाशांच्या पातळीत कापत होता. तुकडे पावासारखे खाली पडत होते. जमिनीच्या फळ्या जागच्या जागी ठोकलेल्या होत्या.

"जमीनही झाली?" बायकोने विचारलं.

"सांगितलं तसं केलंय," फोमवाला म्हणाला.

आत्याने जमिनीवरचे ओंजळभर तुकडे उचलून पदरात घेतले. "हे टाकू नका. घरात कशालाही उपयोगी पडतात."

मग छताला बोर्ड मारायचे होते. फोम उघडा ठेवायचा नसतो, आगीचा नियम आहे. दोन दिवस ड्रिल चाललं. खाली आमचे दात शिवशिवत होते. आत्याने मात्र खोली सोडली नाही. "माझ्या डोक्यावरचं छत आहे, मी बघणार." त्या कर्कश आवाजात ती पलंगावर इतक्या निवांत बसली होती की फोमवाला मला म्हणाला, "मावशींनी आयुष्यात काहीतरी साधना केलेली आहे."

उन्हाळा आला आणि आत्याच्या खोलीत आलाच नाही. बाहेर डांबर पायाला चिकटत होतं तेव्हा आत्या पातळ पांघरूण घेऊन सकाळी सातपर्यंत झोपायला लागली. मेणबत्ती ताठ उभी राहिली. ब्लडप्रेशर उतरलं. डॉक्टरांनी पट्टा पुन्हा बांधून मोजलं, पण या वेळी आनंदाने. वरचा फेऱ्या मारण्याचा आवाजही थांबला. बायको छताकडे बघून म्हणायची, "बघा, पावलंसुद्धा ऐकू येत नाहीत. जमिनीत मारलं ते किती बरं केलं." आत्या आता उकाड्याने फेऱ्या मारत नव्हती, खुर्चीत बसून राहायची, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माणसाने शांतता विकत घेतली की ती त्याला ऐकू येतेच.

मी पहिल्यांदाच टेबलाशी बसून म्हणालो, "आत्या जरा हट्टीच आहे." वरून काही उत्तर आलं नाही. अर्थात पूर्वीही येत नसे. पण पूर्वी चुकून तोंडातून काही निघालं, तर संध्याकाळचा चहा आत्या करायची आणि माझ्या कपात साखर नसायची. या वेळी साखर होती. मला जिंकल्यासारखं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं.

कारण आत्याची अवस्था बघवत नव्हती. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई आल्या तो दिवस मला आठवतो. बायकोने त्यांना टेबलाशी बसवलं, आधण ठेवलं. वीस मिनिटांत त्यांनी सगळं सांगितलं: मुलाने विजेचं मशीन आणलंय, चाळीस वर्षांचं पायमशीन तो भंगारात द्यायचं म्हणतोय, आणि त्या चार दिवस त्याच्याशी बोललेल्या नाहीत. मग जिन्यावर पावलं वाजली. आत्या खुर्चीत बसली. शिंपीणबाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. खूप वेळ बघितलं.

"तब्येत," आत्या म्हणाली. "तब्येतीचं काहीतरी."

"नाही हो."

"सुनेचं?"

"मुलाचं लग्न कुठे झालंय, आत्याबाई!"

मी पेपर तोंडापुढे धरला. आपलं माणूस सर्वांदेखत पाय घसरून पडताना बघण्याची माझी तयारी नव्हती. आणि फळ्या बुजवायला होकार नसला, तरी नकारही मी दिला नव्हता.

मग आत्याने जे केलं ते गल्लीच्या इतिहासात तोवर घडलं नव्हतं. तिने विचारलं.

"काय झालं? नीट सांग बघू. सावकाश. माझ्याकडे तोंड करून."

ती पुढे वाकली आणि शिंपीणबाईंच्या ओठांकडे डोळे लावून बसली. त्या बोलू लागल्या. मध्येच आत्या म्हणायची, "काय म्हणालीस? परत सांग. मोठ्याने." त्या परत सांगायच्या, मोठ्याने. मशीनबद्दल त्यांना तीनदा सांगावं लागलं. आपलं दुःख तीनदा ओरडून सांगितलं की ते माणसाला जरा आटोपशीर वाटायला लागतं. तिसऱ्या वेळी त्या स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे तसं त्याने मला न विचारता दिलेलं नाहीये अजून. विचारलंच आहे."

"बरं झालं," आत्या म्हणाली. तिला बहुधा निम्मं कळलं होतं.

शिंपीणबाई डोळे पुसत, हसत गेल्या. दोन दिवसांत गल्लीभर झालं: आत्याबाई आता नुसतं ओळखत नाहीत, ऐकतात. जीव ओतून ऐकतात. अख्ख्या गल्लीत असं कोण आपल्या तोंडाकडे बघून ऐकतं? नवरे ऐकत नाहीत, डॉक्टर ऐकत नाहीत. माणसं वाढली. बल्बाचं निमित्त मागे पडलं. पुरुष सरळ येऊन बसायला लागले. टेबलाशी खुर्च्या कमी पडू लागल्या.

आमच्या घरातही तसंच झालं. आत्या दुपारच्या चहाला रोज खाली यायला लागली. "काल तुम्ही दोघं कशावरून हसत होता?" असं विचारायची. पूर्वी तिला विचारावं लागत नसे. मी सांगायचो, तीही हसायची, बहुतेक जरा उशिरा. मुलीने तिला कॉलेजातलं सगळं सांगितलं, अगदी ओरडून. त्यातलं बरंचसं आम्हालाही नव्यानेच कळलं. मुलगी मला म्हणाली, "आजी किती बदललीय ना. पूर्वी काही विचारायचीच नाही. आपल्याबद्दल काही वाटतच नाही तिला, असं वाटायचं."

एकूण बरं चाललं होतं. फक्त आत्या अधूनमधून पलंगाच्या कडेला सरकून बसायची आणि फळ्यांकडे बघायची, तेव्हा मी जिन्यावरूनच परत फिरायचो.

दीड महिन्याने फोमवाला काम तपासायला आला. त्याची पद्धत तशी होती. वासे थोडे हलतात, कडेला कुठे फोम सुटला का ते बघायचं. बायको शाळेत होती. मी त्याला वर घेऊन गेलो. त्याने बोर्डाच्या कडा पाहिल्या, ठोकून पाहिलं, मान डोलावली आणि आत्याला सहज विचारलं, "काय मावशी, खालचं नीट ऐकू येतंय ना?"

आत्याने हे त्याच्या ओठांवरून वाचलं आणि तिचा चेहरा लाल झाला.

"तोंड वर करून विचारतोस? मी सांगितलं होतं ना, जमिनीला हात लावायचा नाही! हो म्हणालास ना मला?"

मी फोमवाल्याकडे पाहिलं. फोमवाल्याने माझ्याकडे पाहिलं.

"मी नाहीच लावला हात," तो म्हणाला. "मावशी त्या दिवशी वर आल्या, म्हणाल्या, फक्त छत. बिलातही तसंच लिहिलंय. फक्त छत."

बिल फ्रिजला चिकटवलं होतं. ते कोणी वाचलं नव्हतं.

"खोटं बोलू नकोस! एक अक्षर ऐकू येत नाही मला दीड महिना!" आत्या ओरडली. मग तिच्या लक्षात आलं की आपण काय बोललो, आणि ती पलंगावर बसली.

फोमवाल्याने पलंग बाजूला सरकवला, खिळे उपसले आणि दोन फळ्या उचलल्या. खाली पोकळी. पोकळीत धूळ, एक केसाची पिन आणि माझं आठवीतलं कर्कटक. फोमचा कणसुद्धा नाही. खाली स्वयंपाकघरातला नळ टिपकत होता, तो मला स्वच्छ ऐकू येत होता.

"येतोय आवाज?" त्याने विचारलं.

"कसला?" आत्या म्हणाली.

फोमवाला तिच्याजवळ गेला, खिशातली बारीक बॅटरी काढली आणि छताची फट बघावी तसं तिच्या कानात बघितलं. मग दुसऱ्या कानात. तो सरळ उभा राहिला.

"मावशी, हा माझा माल आहे."

आत्याने हळूच सांगितलं. ड्रिलचा आवाज सहन होईना म्हणून तिने त्या कापलेल्या तुकड्यांतले दोन कानात घातले होते. संध्याकाळी काढले. तिच्या मते पूर्ण काढले.

"तुटतो तो," फोमवाला म्हणाला. "आत जाऊन फुगून बसला असेल. दाखवलं होतं ना मी, दाबला की परत फुगतो." त्याच्या आवाजात काळजी होती आणि थोडा अभिमानही. "दीड महिना! पण बघा, आवाज कसा शोषतो."

कानाच्या डॉक्टरांनी चिमट्याने दोन्ही तुकडे काढून बशीत ठेवले, कान तपासले, आत काही इजा नाही म्हणाले. आत्या बशीकडे बघत म्हणाली, "हळू बोला हो. ओरडता कशाला?"

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगून टाकलं. फट, कांजिण्या, वीस मिनिटं, करार. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "मला लग्नानंतर आठव्या दिवशी कळलं."

"काय?"

"म्हणून तर सगळ्यांना त्या खुर्चीत बसवायचे. बरोबर पलंगाखाली येते. मऊ बोलणारी बाई असली की मी मुद्दाम विचारायचे, 'काय म्हणालात? कपाटावरून?' तुम्हाला काय वाटलं, आत्याबाई एकट्याने एवढं चालवत होत्या?"

"मग जमिनीत फोम कशाला मारायला सांगितलास?"

"एकवीस वर्षांत मी तुमच्याशी एकदाही मनासारखं भांडले नाही." तिने वहीवर लाल खूण केली. "म्हटलं, एकदा भांडून बघावं."

आत्याला पुन्हा सगळं ऐकू यायला लागलं. मला वाटलं, आता जुने दिवस परत येणार: वीस मिनिटांचा जिना, हलणारे कप. चौथ्या दिवशी ती सकाळीच खाली आली आणि माझ्यासमोर बसली.

"काल तू आणि तुझी बायको पाऊण तास बोलत होतात. वॉशिंग मशीनच्या पाइपावर."

"हो. गळतोय तो."

"परवा पाववाली आली. तिने तुझ्या बायकोला सगळं सांगितलं. मी वरून ऐकलं. मग खाली आले तर तिने मलाही सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. आता त्यांना सवय झालीय ना मी विचारायची. प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकायची म्हणजे काय चेष्टा आहे? या वयात?" तिने कप खाली ठेवला. "त्याला फोन कर. म्हणावं, जमिनीत मार. मला जे ऐकायचं ते मी खाली येऊन ऐकेन."

बायकोने वर पाहिलं नाही, पण तिने आत्याच्या कपात पुन्हा चहा ओतला, न विचारता.

आम्ही पुन्हा एक दिवस मेव्हण्याकडे राहिलो. फोमवाल्याने फळ्या उचलल्या, जमीन भरली, वर आलेला फोम कापला, फळ्या ठोकल्या. माझं कर्कटक त्याने आधी काढून ठेवलं होतं. जाताना त्याने आत्याला बजावलं, एकही तुकडा ठेवून घ्यायचा नाही.

खालचं वर आता पूर्वीइतकंच ऐकू येतं. आवाज फटीतून येतच नव्हता. तो जिन्यावरून येत होता. जिन्याला दार नाही.